मागून द्यायचं उत्तर

डॅरेलच्या मेलमध्ये अकरा ओळी होत्या. त्यातल्या दहा कामाच्या. तंबू भाऊ देतोय, तेव्हा तंबूचा खर्च यादीतून काढ. बर्फाच्या पेट्या चार नकोत, तीन पुरतील. पहिला मुक्काम हॉटेलात नको, गाडीतच झोपू. अकरावी ओळ त्याने अशीच लिहिली होती, आपण पत्राच्या शेवटी बाकी सगळे मजेत आहेत असं लिहितो तशी. या वेळी माझी लेक एमी बरोबर येतेय, तेरा पूर्ण झाली, तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे, ती जनावर दाखवील आणि मी बार टाकीन. मी हे सकाळी दहा वाजता ओट्यापाशी उभ्याने वाचलं. हातात अर्धा सोललेला दोडका होता. खाली रस्त्यावर भाजीवाला 'अक्का, ओ अक्का' करून कुणाला तरी हाका मारत होता, आणि मी खिडकीत जाऊन त्याला ओ दिली. तो मला हाक मारत नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कोथिंबिरीची जुडी गाड्यावरच विसरून गेली होती. त्याने वर बघितलं, मी खाली बघितलं, आणि दोडका घेऊन उभ्या असलेल्या या बाईला काय पाहिजे ते त्याला कळेना. मला हे नेहमी होतं. कुणीही कुणालाही हाक मारली की माझ्या तोंडून ओ निघून जाते. बसस्टँडवर, लग्नात, दवाखान्यात नंबर पुकारतात तेव्हा. लोक हसतात, मीही त्यांच्यात हसून घेते. दीड वर्ष टिकलेल्या माझ्या लग्नात नवऱ्याने सुरुवातीला याची थट्टा केली आणि नंतर तो नुसता बघायला लागला. त्या सकाळी मी खिडकीतून परत आले, दोडका खाली ठेवला, आणि 'ठीक आहे, एमीची भर घालते' असं उत्तर टाइप केलं. पाठवायचं बटण दाबता आलं नाही.

मी काय काम करते हे आमच्या नात्यात कुणालाच नीट माहीत नाही, आणि मी ते कळू देत नाही. 'कंप्युटरवर बसते, परदेशातल्या लोकांच्या सहली ठरवते,' एवढं सगळ्यांना पुरतं. ते खोटंही नाही. आधी मी इथे गुलबर्ग्यातच एका ट्रॅव्हल ऑफिसात तिरुपतीच्या आणि शिर्डीच्या गाड्या भरत होते. कागदोपत्री कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडात गुलबर्गाच आहे. ते ऑफिस बंद पडलं, मी घरून काम शोधलं, आणि कुठल्याशा अमेरिकन माणसाला मी केलेली यादी आवडली. त्याने मित्राला सांगितलं, मित्राने मेव्हण्याला. ही सगळी माणसं एकाच जातीची निघाली. डॅरेल शाळेच्या बस दुरुस्त करतो, कुणी नळ जोडतो. वर्षभर पै-पै बाजूला टाकायची आणि पानगळीच्या दिवसांत आठवडाभर दुसऱ्या राज्यातल्या डोंगरात जायचं, एल्क मारायला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. वाटाड्या करून गेलं तर परवडत नाही, म्हणून ही माणसं सगळं आपल्या हाताने करतात आणि त्यांची कागदावरची बाजू मी सांभाळते. परवान्यासाठी अर्ज कुठल्या तारखेच्या आत करायचा, कुठल्या भागासाठी केला तर मिळायची आशा जास्त, सरकारी जंगल कुठे संपतं आणि कुणाचं खासगी कुरण कुठे लागतं, चौदा तासांच्या रस्त्यात पेट्रोल कुठे स्वस्त, दहा हजार फुटांवर दम लागतो म्हणून पहिला दिवस नुसता बसून कसा काढायचा. जनावर पडल्यानंतरचंही. हाडं काढून शंभर किलो मांस निघतं, पाठीवर वीस-वीस किलो घेऊन पाच खेपा, थंडी कमी पडली तर बर्फ जास्त. ज्या घराचा उंबरा अंड्याने ओलांडला नाही, ज्या घरात जन्मलेल्या पोराच्या गळ्यात आधी लिंग बांधतात आणि मग नाव ठेवतात, त्या घरातली मी पोळ्या लाटता लाटता हे आकडे मांडते आणि मला मळमळतसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मला याचं कौतुक वाटलं होतं. नंतर कौतुक गेलं आणि एक बारीक शंका राहिली, की हे काम माझ्याकडे आलं नाही, मीच ते कुठूनतरी हुंगत हुंगत काढलं.

पुढच्या खोलीत अप्पा होते. माझे वडील, अमृतप्पा, वय शहात्तर. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सकाळी आंघोळ करून ते पाटावर बसतात, कपाळाला विभूती लावतात, डावा हात पुढे धरतात. आमच्यात गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतात आणि त्याची पूजा करतात. अप्पांचा तळहात रिकामा असतो. लिंग गळ्यातल्या चांदीच्या करड्यात, त्या छोट्या डबीत, तसंच राहतं आणि ते रिकाम्या हातावर पाणी घालतात, रिकाम्या हातावर फूल ठेवतात. तेवीस वर्षं मी हे बघतेय. आई होती तोवर एकदा म्हणाली होती, 'स्वामींना विचारा की वो, प्रायश्चित्त सांगतील कायतरी.' अप्पा म्हणाले होते, 'हाताला विचारलो. न्हाई म्हणतोय.' त्यावर कुणी कधी काही बोललं नाही. आमच्या घरात न बोलायची इतकी सवय आहे की पाहुणे आले तर त्यांना वाटतं, काय शांत माणसं आहेत.

आमचं शेत मंठाळच्या शिवारात होतं. ज्वारी, तूर, करडई. अप्पांकडे आजोबांच्या वेळची एकनळी बंदूक होती, पीक राखायच्या लायसनवरची. जीव मारायचा नाही असं आमचं, त्यामुळे ती नेहमी आभाळाकडे तोंड करूनच वाजली. नुसत्या दारूचं काडतूस घालायचं, बार काढायचा, डुकरं पळायची, पाखरं उठायची, संपलं. तिप्पण्णा आमचा सालगडी होता. मी जन्मायच्या आधीपासून आमच्या घरी. मी अकरा वर्षांची होते आणि तो मला मंजक्का म्हणायचा, लेकीच्या वयाच्या पोरीला अक्का. त्याची बायको मल्लव्वा आमच्या गोठ्याचं बघायची. त्या वर्षी डुकरांनी ताळ सोडला होता. पोटऱ्यात आलेली ज्वारी लोळून लोळून सपाट केली होती त्यांनी, आणि अप्पा, ज्यांनी कधी मुंगी मारली नाही, बसवकल्याणहून छर्ऱ्याची काडतुसं घेऊन आले. आई भांडली. 'भ्या दावायपुरतं,' असं अप्पा म्हणाले. मला मात्र ती काडतुसं फार आवडली होती. लाल कागदी नळ्या आणि बुडाला पितळ. मी त्यातलं एक दिवसभर फ्रॉकच्या खिशात घेऊन हिंडले होते.

येळवस होती. वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात कुत्रं राहत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे, भज्जी, उंडे, तिळाची पोळी, आणि मडकी भरभरून आंबील. जेवणं झाली की पिकाभोवती आंबील शिंपत फेरी घालायची, तिला चर शिंपणं म्हणतात. कुणी दुपारी एकदाच शिंपतात. आमच्या घरात दिवस मावळताना आणखी एक फेरी असायची आणि तिला दोन माणसं लागायची. पुढचा घोंगडी पांघरतो, आंबिलीचं मडकं काखेत धरतो, डहाळीने शिंपत जातो आणि ओरडतो, 'ओलगे ओलगे!' मागच्याने ओरडायचं, 'सालम पोलगे!' याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. एक गोष्ट मात्र पक्की होती. मागून उत्तर आल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. उत्तर आलं नाही तर फेरी तुटली, पीक तुटलं. त्या वर्षी मागे चालायचा मान मला मिळाला होता, कारण मी हट्ट केला होता.

आम्ही विहिरीपासून निघालो. दक्षिणेचा बांध झाला, पूर्वेच्या बांधाला वळलो. तिप्पण्णा पुढे, काळी घोंगडी डोक्यावरून घेतलेली, वाकलेला, कारण मडकं भरलेलं होतं. मला चार-पाच वेळा ओरडून कंटाळा आला. आणि मला ठाऊक होतं की अप्पा विहिरीच्या वरच्या अंगाला बंदूक घेऊन बसलेत, आज बार निघणार, आणि मी इथे बांधावर आंबिलीच्या मागे चाललेय. मी थांबले. तिप्पण्णा वळणावर ज्वारीआड गेला आणि मी उलटी पळत सुटले, वाकून, बांधाच्या कडेकडेने. मागे ऐकू आलं, 'ओलगे ओलगे!' मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, 'ओलगे ओलगे!' जरा मोठ्याने. मग पुन्हा काही नाही, आणि मग हाक. 'मंजक्का?' दोन वेळा. दुसऱ्या वेळी आवाजात काळजी होती. मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर कळलं असतं की मी मागे नाही, आणि आईने पाठीत धपाटा घातला असता. एका धपाट्याची गोष्ट होती. मी विहिरीपाशी पोचले तेव्हा अप्पा उभे होते, बंदूक हातात, आणि त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं, कारण त्यांचा बार बघायला त्यांनाही कुणीतरी हवं होतं असं मला आता वाटतं. उजेड उतरला होता. ज्वारी हलली. मध्यावर, जिथे कुणी असायचं कारण नव्हतं. कणसांच्या खाली काळी पाठ दिसली, पुढे सरकली, थांबली, इकडे तिकडे काहीतरी हुडकल्यासारखी फिरली. मी म्हणाले, 'अप्पा, तिथं. डुक्कर.' मला डुक्कर दिसलं नव्हतं. मला काळं दिसलं होतं आणि मला बार ऐकायचा होता. अप्पांनी जन्मात पहिल्यांदा नळी आभाळावरून खाली, त्या काळ्यावर आणली.

मला ठाऊक होतं का? हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय की आता तो प्रश्न राहिलेला नाही, घरातल्या पंख्याचा आवाज असतो तसा तो असतो. त्याने हाक मारली होती. मी मागे नव्हते. मग तो काय करणार होता? तो काही मडकं ठेवून बसणार नव्हता. संध्याकाळी, ज्वारीत, डुकरांच्या दिवसांत मालकाची पोर दिसेनाशी झाली होती. तो पीक तुडवत सरळ मधून आला, सगळ्यात जवळच्या वाटेने. फेरी मोडून आला. अकरा वर्षांच्या पोरीला एवढं जोडता आलं असतं की नसतं? कधी वाटतं, नाही, लेकरू होते मी. कधी वाटतं, ते 'डुक्कर' म्हणताना माझ्या घशात क्षणभर काहीतरी अडकलं होतं आणि मी ते ढकलून शब्द बाहेर काढला. हे अडकणं खरं, की मी नंतर तयार केलं, ते मला कळत नाही. हल्ली तर ते दुसऱ्याच्या वाक्यातसुद्धा सापडतं. तिची नजर तेज आहे. ती जनावर दाखवील.

त्या दिवशी मी डॅरेलच्या योजनेवर पाच तास बसले. दोन तासांचं काम होतं. तिकडे कायदाच आहे की बंदुकीच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी पाहिजे, डोक्यावरसुद्धा. माझ्या यादीत ते होतंच. मी ते सामानाच्या यादीत घातलं, कपड्यांच्या यादीत पुन्हा घातलं, गाडीत बसण्याआधी तपासायच्या यादीत तिसऱ्यांदा घातलं. एमीच्या नावापुढे दोन जास्तीची जाकिटं लिहिली. मग एक वेगळंच सुचलं. परवान्याच्या अर्जाची शेवटची तारीख माझ्याकडून त्याला जाते. तो तपासत नाही, त्याचा माझ्यावर विश्वास आहे. मी ती तारीख एका दिवसाने पुढची लिहिली. एवढंच. अर्ज उशिरा पोचला असता, या वर्षीचा परवाना हुकला असता, त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि एमी घरी राहिली असती. तो आकडा तसाच समोर ठेवून मी तासभर बसले. मला खूप बरं वाटत होतं, आणि ज्या अर्थी इतकं बरं वाटतंय त्या अर्थी यात काहीतरी घाण आहे हेही कळत होतं. कुणालाही न सांगता, गुपचूप, कुणाच्या तरी आयुष्यातली एक गोष्ट इकडची तिकडे करायची आणि वर आपण वाचवलं म्हणायचं. मी तारीख दुरुस्त केली. शेवटी त्याला सरळ चार ओळी लिहिल्या. तुमच्या मुलीने दाखवलं तरी तुम्ही स्वतः पूर्ण जनावर बघितल्याशिवाय बार टाकू नका. नुसतं हलणं पुरेसं नाही. नुसता रंग पुरेसा नाही. ती तुमच्या हाताच्या अंतरावर असू द्या, आणि तुमच्याबरोबरचा प्रत्येक माणूस त्या क्षणी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

दुसऱ्या सकाळी त्याचं उत्तर आलं होतं. गोड माणूस आहे. म्हणाला, काळजीबद्दल आभार, हा तर आमच्या घरातला पहिला नियम आहे, एमीला ती सहा वर्षांची असल्यापासून मी शिकवतोय, ती मलाच ओरडते. पुढे हसरा चेहरा. आणि मग बर्फाच्या पेट्या तीनच ठेव, ही आठवण. मी ते वाचून रडले. आमच्या घरात कुणी काही शिकवलं नव्हतं कारण आमच्या घरात कुणी शिकार करत नव्हतं. आणि मला वाटलं होतं की चार ओळी लिहून माझं काहीतरी फिटेल. त्या माणसाला माझी गरजच नव्हती. त्याची पोर सुरक्षित होती. माझ्या गोष्टीचं ओझं मी समुद्रापलीकडच्या एका परक्या माणसाच्या दारात नेऊन ठेवलं होतं आणि त्याने ते न उघडता, नम्रपणे परत दिलं होतं.

परत आलेलं घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. अप्पा खाली सतरंजीवर बसून सुपात ज्वारी निवडत होते. दुकानातली ज्वारी स्वच्छ येते, निवडायला काही नसतं, पण त्यांना लागतं. मी समोर बसले. आधी माझ्या कामाचं सांगितलं, शिकारीचं, एल्कचं, मांसाच्या खेपांचं. त्यांनी हात थांबवला नाही. 'पोटासाठी करायलीस, कर,' म्हणाले. 'मारतंय ते खातंय, तेवढं तरी हाय.' मग मी एमीचं सांगितलं. तेव्हा हात थांबला.

"अप्पा, त्या दिवशी मी म्हणलते, डुक्कर म्हणून."

"म्हणलीस की. ऐकलो की मी."

"तुम्ही कोर्टात सांगितला न्हाईत."

"लेकराचं नाव कागदावर कामून घालू? बार मी टाकलो. बघायचं काम माझं होतं. ते तुज्यावर न्हाई, मंजू. ते मनातनं काढ."

एवढं ऐकण्यासाठी मी तेवीस वर्षं थांबले होते, असं मला वाटायचं. ते ऐकलं आणि काहीच हललं नाही. अप्पा पुन्हा ज्वारीकडे वळले. इथे उठून जाता आलं असतं. मी म्हणाले, "अप्पा, तिप्पण्णा मला हुडकायला आलता." मग सगळं सांगितलं. मागे चालायचं सोडून पळाल्याचं, तुटलेल्या उत्तराचं, दोन हाकांचं. त्यांनी सूप बाजूला सारलं. बराच वेळ ते खाली फरशीवर बोटाने काहीतरी आखत होते. मग कळलं, ते शेत काढत होते. विहीर, दक्षिणेचा बांध, पूर्वेचा बांध.

"कुठल्या बांधावरनं हाक मारला?"

"पूर्वेच्या. बाभळीच्या पुढं."

"मग तिथनं सरळ आला. मधनं." बोट फरशीवर सरकत आलं आणि थांबलं. "व्हय. हितंच पडला होता. तेवीस वर्षं मी हेच हुडकायलोय गं. तो तिथं कामून होता? फेरी सोडून पिकात शिरणारा गडी न्हवता तो. मला उत्तर मिळंना. म्हणून वकील म्हणले तसं मीबी म्हणलो, आसंल. प्याला आसंल."

हे आमच्या घरातलं दुसरं न बोललेलं. छर्रे लागल्यावर मडकं फुटलं होतं आणि तिप्पण्णा आंबिलीने नखशिखांत भिजला होता. आंबील म्हणजे ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची कांजी, ती दोन-तीन दिवस मुरलेली असते, तिला आंबूस वास येतो. पंचनाम्याला आलेला माणूस लांबचा होता, त्याला येळवस माहीत नव्हती. त्याने कागदावर लिहिलं, अंगाला व तोंडाला दारूसारखा वास. जमलेल्या दोनशे माणसांना तो वास कशाचा आहे ते ठाऊक होतं. त्यांच्या हातालाही तोच येत होता. कुणी काही बोललं नाही, कारण अमृतप्पा भला माणूस होता आणि ते वाक्य त्याच्या कामाला येणार होतं. आलंही. नशेत पिकात लोळत होता, डुक्कर समजून बार गेला, असं वकिलांनी उभं केलं. अप्पा सहा महिन्यांत सुटले. त्यांनी दोन एकर मल्लव्वाच्या नावावर करून दिले आणि उरलेलं विकून आम्ही गुलबर्ग्याला आलो. मागे गावात म्हणायची पद्धत पडली, की नवरा पिऊन मेला आणि बायकोला जमीन लागली, नशीब असावं तर असं. मल्लव्वा एकदाच इथे आली होती. आत आली नाही, दारातच उभी राहिली. 'ते पीत न्हवते, तेवढं चार माणसांत म्हणा की वो, अप्पा. जमीन परत घ्या पायजे तर.' अप्पा खाली मान घालून बसले. मी दाराच्या मागे होते आणि मला सगळं ठाऊक होतं.

"अप्पा, मी ल्हान होते," मी म्हणाले.

"हाक आली आन् ओ दिली न्हाईस, तवा ल्हान होतीस. ते माफ हाय." ते माझ्याकडे बघत नव्हते, फरशीवरच्या न दिसणाऱ्या शेताकडे बघत होते. "मल्लव्वा दारात आली तवा तू पंधरा वर्षांची होतीस. दहावीला होतीस. तवा कामून गप बसलीस?"

मी गप्पच बसले. आताही. याला उत्तर नाही असं नाही, उत्तर आहे. मी गप्प बसले कारण माझं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तिप्पण्णाला दारुडा ठरवलेलं सगळ्यांना सोयीचं होतं, मला सगळ्यात जास्त. त्याच्यावर मी प्रेम करत होते म्हणायची माझी हिंमत नाही. तो मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडायचा, आणि मी त्याला त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मरू दिलं.

"हे तुज्यावर हाय," अप्पा म्हणाले. आवाज चढला नाही. "माझ्यावरबी हाय. मला ठावं होतं तो पीत न्हाई. तरी मान हलवलो. फोन आण तुजा."

नंबर त्यांच्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. गावच्या एकाकडून घेऊन ठेवलेला, कितीतरी वर्षांपूर्वी, कधी न लावलेला. मी एकेक आकडा दाबून फोन अप्पांच्या हातात दिला आणि कान जवळ नेला. मला वाटत होतं की नंबर बदललेला असावा. तिकडे घंटा वाजली आणि लगेच उचलला गेला. कोंबड्यांचा आवाज आला आणि मग बाईचा.

"कोण?"

"मल्लव्वा, मी अमृतप्पा."

कोंबड्याच ऐकू येत राहिल्या. मग ती म्हणाली, "बोला."

"मी न्हाई. पोरगी बोलंल. पुरतं ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दोघांलाबी दे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं. वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण ते एक मिनिटसुद्धा नव्हतं. मी मागे चालत होते, पळून आले, त्यांनी हाक मारली, मी ओ दिली नाही, ते मला हुडकत पिकातून आले, मीच दाखवलं. ते प्यालेले नव्हते, ती आंबील होती. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते, शिव्यांची वाट बघत होते, मला दोन्ही चाललं असतं. मी माफीचा शब्द तोंडात घेतला होता.

"थांब," ती म्हणाली.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, लांबून, पण असा खणखणीत की मी कानापासून फोन जरा दूर धरला. "पवित्रा, ये पवित्रा! भाकर ऱ्हाऊ दे, भाईर ये. लिंगम्माला बोलव. मारुतीच्या पारावर कोण कोण बसलेत, त्यास्नी समद्यास्नी बोलव. म्हातारी बोलावतीया म्हण, आत्ताच्या आत्ता." पावलं गेली. एक दार वाजलं, दुसरं वाजलं. कुणीतरी पुरुष म्हणाला, 'काय झालं, मल्लव्वा?' आणि तिने त्याला बस म्हणून सांगितलं. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली, अजून नाही. माणसं जमत होती, खाकरत होती, एक लेकरू रडायला लागलं आणि त्याला कुणी गप्प केलं. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मग ती परत फोनवर आली. ती रडत नव्हती.

"आवाज मोठा करून ठेवलेय," ती म्हणाली. "समदे ऐकायलेत. आता पयल्यापासनं सांग. आदी तुजं नाव सांग, कुणाची कोण ते सांग. आन् ते पीत न्हवते, हितनं सुरू कर."

"मी मंजुश्री," मी म्हणाले. "अमृतप्पाची लेक. तिप्पण्णा पीत न्हवता."

"मोठ्यानं," मल्लव्वा म्हणाली. "मागच्यास्नी ऐकू येईना."